गुरुवारचं गाठोडं

लेक काय करते असं कुणी विचारलं की मास्तर म्हणायचे, "भांडते. महिन्याच्या पगारावर." पेपरातली नोकरी म्हणजे नसत्या उठाठेवी करायचा परवाना, हे त्यांचं ठाम मत. आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तोच पेपर दोनदा वाचायचा, तिची बातमी कातरीने सरळ रेषेत कापून ठेवायची, हीही त्यांचीच रीत. बाप नावाची जमात अशीच. तोंडाने एक बोलणार, हाताने भलतंच करणार.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. कपडे शिवणारे. चाळीस वर्षं एक दुकान, एक मशीन, आणि दुकानाच्या मागेच दोन खोल्यांचं घर. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसली तर शपथ. तिच्या अंगावरचा एकूण एक शर्ट, एकूण एक पँट बापाने शिवलेली. तयार कपडे घेतलेस तर घरात पाऊल ठेवू नकोस, अशी धमकीच होती. तिचे हात लांब, इतके की बाजारातली कुठलीच बाही तिच्या मनगटापर्यंत पोचायची नाही. त्यामुळे धमकीची तशी गरजही नव्हती.

तर या भिंगरीने काय केलं, ते सांगतो. शहरात मोर्च्यावर गोळ्या चालल्या. सरकार म्हणालं, नऊ जण जखमी, मेलं कुणीच नाही. भिंगरीने सरकारी इस्पितळाच्या नोंदवहीतली एकतीस नावं छापली, वय आणि गोळी कुठे लागली त्यासकट. सहाव्या दिवशी सकाळी सात माणसं आली आणि तिला घेऊन गेली. चहाचा कप अर्धाच राहिला. कायदा असा की नव्वद दिवस भेट नाही, पत्र नाही, वकीलसुद्धा नाही. चालतं ते एकच. दर गुरुवारी सकाळी तुरुंगाच्या बाजूच्या खिडकीवर धुतलेले कपडे द्यायचे आणि मळलेले परत घ्यायचे.

त्यातही नियम. खिसा चालणार नाही. दुहेरी शिवण चालणार नाही, चिठ्ठी लपवता येते म्हणे. कॉलरमध्ये कडक कापड चालणार नाही. मास्तरांनी स्वतःच्या हातांनी लेकीच्या सगळ्या शर्टांचे खिसे उसवले, शिवणी एकेरी केल्या, कॉलरी लुळ्या पाडल्या. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, गल्लीतले सगळे त्यांना काकूच म्हणायचे, शेजारी बसून दोरे वेचत होत्या. तुरुंगाचं दुःख होतंच, पण असला बिनकॉलरीचा माल आपल्या हातून जातोय याने मास्तर जास्त चिडले होते, असं काकूंनी नंतर भिंगरीच्या वकील मैत्रिणीला सांगितलं. माणूस मोठ्या दुःखाशी झोंबू शकत नाही, म्हणून लहानाशी झोंबतो. काकू हे ओळखून होत्या, म्हणून त्यांनी त्यांना कॉलरीबद्दल हवं तेवढं चिडू दिलं.

पहिल्या गुरुवारी मळके कपडे घरी आले. काकूंनी बादलीत पाणी काढलं, तोच मास्तर ओरडले, हात लावू नकोस. कापायच्या टेबलावर पांढरी चादर पसरून त्यांनी शर्ट त्यावर ठेवला आणि चष्मा पुसला. कपडा आठवडाभर अंगावर राहिला की माणसाची चुगली करतो, हे ते गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे. कोण खुर्चीत रेलतं, कोण पोट आत ओढून माप देतं, कुणाचा हात कुठल्या खिशात जातो, सगळं त्यांना न विचारता कळायचं. आता तीच विद्या लेकीवर चालवायची पाळी आली.

"बस इथे," ते काकूंना म्हणाले. "कॉलरचं डावं टोक चावलेलं आहे. म्हणजे विचार चाललेत. पँटच्या गुडघ्यांवर धूळ नाही, मागे आहे. जमिनीवर बसते, पण कुणी गुडघ्यावर बसवलेलं नाही. पाठीला डाग नाही. रक्त कुठेच नाही. मी दोनदा पाहिलं."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी दोघं पोटभर जेवली.

दुसऱ्या गुरुवारी पँटच्या कमरेला आतून चुणी घेतलेली आढळली. वाळली आहे, मास्तर म्हणाले, दीड इंच तरी. पुढच्या वेळी त्यांनी कंबर दीड इंच आत घेऊनच पाठवली, आणि तिसऱ्या गुरुवारी चुणी नव्हती, तेव्हा आपण लेकीशी बोललो असं त्यांना वाटलं. बघा, माणसाचं समाधान कशात असतं! नव्वद दिवसांत त्यांना दुसरं काहीच नको होतं. पोरगी धड आहे ना, एवढंच आठवड्यातून एकदा कळावं. ते गाठोडं सांगत होतं.

खिडकीपुढच्या रांगेत एक ड्रायव्हर असायचा. शाळेची बस चालवणारा, थोराड, बुजरा माणूस. त्याची बायको त्याच सरकारी इस्पितळात नर्स. भिंगरीची बातमी छापून आली त्याच आठवड्यात ती कामावरून घरी आलीच नाही. ती परदेशात पळून गेली, असं सरकारने जाहीर करून टाकलं. ड्रायव्हर म्हणायचा, "आमच्याकडे साधा टूरचा फोटो नाही, परदेश कुठला?" दर गुरुवारी तो तिच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन रांगेत उभा राहायचा. खिडकीतला हवालदार वहीवरून बोट फिरवायचा आणि सांगायचा, अशी कुणी इथे नाही, पुढचा. की हा गाठोडं तसंच काखेत मारून बसकडे. मास्तरांना त्याच्याकडे बघवायचं नाही. आपल्या गाठोड्यात काहीतरी परत येतंय याचीच लाज वाटायची.

सातव्या गुरुवारी घोटाळा झाला.

मास्तरांनी शर्ट पसरला. काकूंनी विचारलं तर हाताने थांब म्हणाले. टेप काढली, मोजलं, वहीत लिहिलं, पुन्हा मोजलं. शेवटी खुर्चीत बसले. शर्ट भिंगरीचाच होता, यात वाद नव्हता. टीप त्यांची, कापड त्यांचं. पण कॉलरचं टोक कोरडं ठणठणीत. कोपराच्या चुण्या जिथे पडायला हव्यात तिथून दोन इंच वर. पाठीत कापड ताणलेलं, छातीवरच्या बटणाचं काज ओढून लांबट झालेलं. बाह्या कोपराच्या वर नेऊन घट्ट दुमडल्याच्या घड्या, आणि भिंगरी तर मनगटाशी एक दुमड घालते, फार तर दोन. डावा कफ उजव्यापेक्षा जास्त मळलेला. हा शर्ट आठवडाभर दुसऱ्याच बाईच्या अंगावर होता, आपल्या लेकीपेक्षा बुटक्या, रुंद आणि डावखुऱ्या.

"मग भिंगरी कुठाय?" काकू म्हणाल्या.

याचं उत्तर मास्तरांनी स्वतःच्या मनात केव्हाच दिलं होतं, आणि म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाप दर गुरुवारी शर्ट वाचतो हे तुरुंगवाल्यांना कळलं असणार. पोरीचं काहीतरी बरंवाईट झालं असणार. आणि कपडे कोरे परत आले तर बोंब होईल म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढवून, मळवून पाठवले असणार. हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही. काकूंना ते न सांगताच समजलं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहिली, मध्ये तो शर्ट.

दुपारी मास्तर शर्ट घेऊन वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई भिंगरीची शाळेपासूनची मैत्रीण, लहानपणी मास्तरांच्या दुकानात चिंध्यांच्या बाहुल्या करून गेलेली. तिने सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. "काका, मी कोर्टात काय सांगू? शर्टाच्या घड्या?" मास्तर म्हणाले, घड्याच सांग, मी खोटं माप आजवर कुणाला दिलेलं नाही. तिने कोरा कागद पुढे ओढला. मग तिने अर्ज लिहिला: माणूस जिवंत आहे की नाही याची शंका आहे, कोर्टापुढे उभा करा. सोबत मास्तरांचं प्रतिज्ञापत्र, अडीच पानी, इंचांसकट. असला कागद त्या कोर्टात आधी कधी आला नसेल.

न्यायाधीश निवृत्तीला आलेले, कंटाळलेले. सरकारी वकिलाने मास्तरांचं प्रतिज्ञापत्र नाटकी आवाजात वाचून दाखवलं, लोक हसले. उद्या हे महाशय रुमालावरून सर्दी कुणाची ते सांगतील, असंही म्हणाला. न्यायाधीशांनाही हसू आलं असावं. त्यांनी मास्तरांना पुढे बोलावलं आणि गमतीने विचारलं, माझ्या कोटावरून काय दिसतं, ते सांगा पाहू.

मास्तरांना गंमत कळण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी कोट नीट पाहिला.

"साहेब, उजव्या कोपरावर कापड झिजून चकाकतंय. ऐकताना तुम्ही गाल त्या तळहातावर टेकवता. दुसरं म्हणजे कोट सैल झालाय. वर्षभरात तुम्ही पुष्कळ उतरलात, आणि घरी कुणी बटणं आत घेऊन दिलेली नाहीत. पूर्वी देत असावं, कारण जुन्या टाक्यांची भोकं दिसतात."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी कोटाचं बटण चाचपलं, चष्मा काढला, घातला. मग त्यांनी हुकूम लिहिला: मुलीला बुधवारी सकाळी अकरा वाजता हजर करा. सरकारी वकील उठून काहीतरी म्हणू लागला तर त्याला त्यांनी बसायला सांगितलं.

बुधवारपर्यंतचे पाच दिवस कसे गेले ते विचारू नका. मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच शिवले. काकूंनी घरातला प्रत्येक डबा घासला. एकमेकांशी बोलताना दोघंही भिंगरीचं नाव काढायची नाहीत. तरी तिच्यासाठी एक नवा शर्ट मात्र शिवून तयार झाला, तो कुणी शिवला, कधी शिवला, कुणी विचारलं नाही.

आणि बुधवारी अकराला दहा कमी असताना बाजूचं दार उघडून दोन महिला पोलिसांच्या मध्ये भिंगरी आत आली. वाळलेली, केस आखूड कापलेले, पण स्वतःच्या पायांवर. काकूंनी मास्तरांचा दंड इतका घट्ट धरला की आठवडाभर वळ राहिला. मास्तर रडले. भर कोर्टात, तोंडावर हात न घेता, चाळीस वर्षं माप घेणारा माणूस लहान मुलासारखा रडला. का रडू नये?

सरकारी वकिलाची तर चंगळच झाली. मुलगी धडधाकट आहे, शर्टाच्या घड्या खोट्या ठरल्या, कोर्टाचा वेळ वाया घालवल्याबद्दल टेलरसाहेबांना समज द्यावी, असं तो म्हणाला. मास्तर मान खाली घालून उभे होते. समज कसली, त्यांना चार फटके दिले असते तरी त्यांनी आनंदाने खाल्ले असते. पण न्यायाधीशांच्या डोक्यातून ते कोट-प्रकरण काही गेलं नसावं. त्यांनी भिंगरीलाच विचारलं, हा शर्ट तुमचा का, आणि तुम्ही तो घातला होता का.

"शर्ट माझा," भिंगरी म्हणाली. "पण तो आठवडा मी घातला नाही. शेजारणीला दिला होता. तिच्याकडे दोन महिने अंगावरचा एकच जोड आहे."

"कोण शेजारीण?"

"शेवटच्या खोलीतली. सरकारी इस्पितळातली नर्स."

मागच्या बाकावरून ड्रायव्हर उठून उभा राहिला. तो का आला होता कुणास ठाऊक. मास्तरांच्या सोबतीला आलो, असं म्हणाला होता. गाठोडं काखेतच होतं. सरकारी वकील एकदम म्हणाला, अशी कुणी बाई तिथे नाही, नोंदच नाही, आरोपी पत्रकार आहे, गोष्टी रचण्यात तरबेज आहे. मग सगळे आपापल्या आवाजात बोलू लागले. मास्तरांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात त्या बाह्या घोळत होत्या. कोपराच्या वर, घट्ट. अहो, दिवसातून पन्नास वेळा कोपरापर्यंत हात धुणारं माणूसच बाह्या अशा दुमडतं. हे आपल्याला त्या दिवशीच कसं दिसलं नाही? दिसलं होतं, पण भीतीने आंधळं केलं होतं.

ते पुढे झाले आणि न्यायाधीशांना म्हणाले की माप माझ्या कागदात लिहिलेलं आहेच, आणि या गृहस्थांच्या गाठोड्यात त्यांच्या बायकोचे वापरलेले कपडे आहेत. लावून बघा. माझ्यावर विश्वास नको, टेप तुमच्या कारकुनाच्या हातात द्या.

गाठोडं सोडलं गेलं. वरच नर्सचा घरात घालायचा निळा शर्ट होता, धुतलेला, पण धुऊन काय अंग जातं? कारकुनाने मोजायला सुरुवात केली, ड्रायव्हर स्वतःच्या दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा. कोपराची चुणी खांद्यापासून साडेबारा इंचांवर. कागदात साडेबारा. पाठ, तीच. डावा कफ विरलेला, उजवा शाबूत. बाह्यांवर कोपराच्या वर जुन्या दुमडींच्या पांढुरक्या रेघा. न्यायाधीशांनी शर्ट स्वतः हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला त्याच क्षणी गाडीतून तुरुंगात पाठवलं, शेवटच्या खोलीपर्यंत, आणि तो परत येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही असं बजावलं.

पाऊण तासाने अधिकारी आला. बाई आहे, म्हणाला. नाव तेच सांगते. ड्रायव्हर जवळच्या बाकावर बसला आणि काकूंनी जाऊन त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

भिंगरीला परत नेताना दाराशी क्षणभर बापलेक समोरासमोर आले. मास्तरांनी पाच दिवस मनात साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "कार्टे, तुझ्या आईचा जीव गेला असता काळजीने. मला वाटलं, तू गेलीस."

ती हसली. डोळे भरलेले, तरी हसली. "बाबा, बातमी होती ती. आतून बाहेर जाणारं तेवढंच एक पान, आणि वाचणारे तुम्ही एकटेच. तुम्ही चुकीची वाचलीत, पण छापलीत बरोबर जागी."

नर्सचं नाव तुरुंगाच्या वहीत चढलं. सुटली नाही, पण आहे हे सरकारला मान्य करावं लागलं, आणि जे माणूस आहे म्हणून लिहिलं जातं त्याला नाहीसं करणं जरा अवघड जातं. भिंगरीला त्याची शिक्षा मिळाली. तिचे कपडे बंद. आत तुरुंगाचे कपडे घालायचे, बाहेर काही यायचं-जायचं नाही. नव्या शर्टाचं गाठोडं हवालदाराने खिडकीतूनच परत सरकवलं. मास्तर दोन गुरुवार तेच गाठोडं घेऊन घरी आले. काकूंनी दोन्ही वेळा काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं मास्तरांना फार लागलं. आपण दुसऱ्याचं माणूस शोधून दिलं आणि आपलंच हरवून बसलो, असं त्यांना वाटलं; वाटलं तर वाटलं, खोटं कशाला बोला.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी ड्रायव्हर दुकानात आला. बस बाहेर उभी होती. काखेत गाठोडं होतं, पण या वेळी मळक्या कपड्यांचं. बायकोचे परत आलेले पहिले कपडे. त्याने ते टेबलावर ठेवले आणि अवघडून म्हणाला, "मास्तर, मला काही वाचता येत नाही. तुम्ही सांगा ना."

मास्तरांनी पांढरी चादर पसरली. काकूंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आत निघून गेल्या. मास्तर एकेक सांगू लागले. जेवते आहे, पुढे सांडलंय. कुणाची तरी शुश्रूषा करते, बाह्या दुमडलेल्या आहेत. पाठीवर घाम आहे पण ताजा, म्हणजे बाहेर फिरू देतात. ड्रायव्हर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. उजव्या कफाशी मास्तर थांबले.

कफाचं बटण तुटून पुन्हा लावलेलं होतं. दोरा घोंगडीतून उसवलेला, करडा. चार भोकांपैकी दोनच भोकांतून गेलेला, आणि गाठ कापडाच्या बाहेरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल अशी. नऊ वर्षांच्या भिंगरीला त्यांनी याच टेबलावर बसवून बटण लावायला शिकवलं होतं. गाठ आत, दोरा चारही भोकांतून. ती म्हणाली होती, आत ठेवली तर टोचते. समजावलं, ओरडले, पण पोरीची गाठ बाहेर ती बाहेरच. एवढं भिकार बटण त्यांच्या ओळखीत दुसरं कुणी लावत नव्हतं.

त्यांनी दोरा नखाने ओढून पाहिला. घट्ट होता. सहा टाके, सारख्या ताणाचे, कुठेही हात थरथरलेला नाही.

"अगं," त्यांनी आत हाक मारली. "इकडे ये. पोरगी बरी आहे."

काकू ओल्या हातांनीच आल्या. मास्तरांनी कफ पुढे धरला. काकूंनी तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिला. "किती वाईट लावलंय," त्या म्हणाल्या, आणि तो शर्ट छातीशी घेऊन तिथेच स्टुलावर बसल्या. बाहेर बसच्या मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ड्रायव्हरने चहा संपवला, कप धुऊन ठेवला, पण शर्ट काही मागितला नाही.